पाळकसाहेबांचे सोमवार

पुलपिटाच्या, म्हणजे उपदेशाच्या उंच मेजाच्या, लाकडावर मधल्या बोटानं तीनदा टकटक झाली की मी हार्मोनियमचा भाता उघडायचा आणि गीत सुरू करायचं, असा आमच्या चर्चचा कुणीच न ठरवलेला नियम होता. पाळकसाहेब कधी 'आता गाऊ या' म्हणाले नाहीत. टकटक करायचे, क्षणभर मान तिरपी करून थांबायचे, पलीकडून कुणी काही म्हणतंय का ते ऐकल्यासारखे, आणि मग माझ्याकडे बघायचे. मला वाटायचं, असते एकेकाला खोड. कुणी मिशी ओढतं, कुणी कान खाजवतं, हे लाकूड वाजवतात. आता ते नाहीत. नवे पाळक तरुण आहेत, गुणी आहेत, गीताचा क्रमांक दोनदा सांगतात, तरी माझा हात हलत नाही. मंडळी माना वळवून माझ्याकडे बघायला लागतात तेव्हा कुठे मी भानावर येते.

मनोहर पाळक परभणीला बदलून आले तेव्हा पहिल्या रविवारी आमची निराशाच झाली होती. काडीसारखा माणूस, अर्ध्या बाह्यांचा ढगळ सदरा, खांद्यावर पंचा. असला माणूस आमच्या भांडखोर मंडळीपुढे आठवडाभर टिकायचा नाही, असं मी शेजारणीच्या कानात बोलले. मग त्यांनी तोंड उघडलं. एवढ्याशा छातीतून एवढा मोठा, खालच्या पट्टीतला आवाज आला की मागच्या बाकावर पेंगणारी माणसं सावरून बसली. शब्दांच्या शेवटी तो आवाज जरा खरखरायचा. हजार माणसांत ओळखू यावा असा आवाज.

पण तो आवाज ते फार वापरत नसत, आणि माझी त्यांच्याविषयीची पहिली तक्रार हीच होती. मी शाळामास्तरीण. वर्गात गोंधळ झाला तर कुणी सुरू केलं ते शोधायचं, त्याला उभं करायचं, विषय संपला. पाळकसाहेब कुणाला उभंच करायचे नाहीत. कुणी कुणाची कागाळी घेऊन आलं की ते दारातच विचारायचे, "ज्याच्याबद्दल सांगायचंय ते कुठंय?"

"तो कशाला येतोय इथं!"

"मग त्याला घेऊन या. दोघं मिळून या. च्या ठेवतो. तो नसताना त्याच्याबद्दल मी न्हाई ऐकत."

एवढं बोलून ते खरोखर आत निघून जायचे. लोक चिडायचे. मीही चिडायचे. पाळकानं ऐकून घ्यायचं नाही तर कुणी? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "बाई, दोघांच्या भांडणात तिसरा घुसला की दोघांना बरं वाटतं. भांडण मात्र तिथंच ऱ्हातं, आन् तिसरा आजारी पडतो."

धर्मशिक्षणाच्या कॉलेजात कुणा मास्तरांनी त्यांच्या डोक्यात घातलं होतं की माणूस एकटा बिघडत नाही. घरात काही बिघडलेलं असतं आणि ते एकाच्या अंगावर उठतं. त्यावर त्यांनी स्वतःची पद्धत बसवली होती. स्वयंपाकघरातून सूप आणायचे आणि समोरच्या माणसाला त्यात त्याचं घर मांडायला लावायचे. पुरुषांना ज्वारी, बायकांना तूर, गेलेल्या माणसांना करडईचा पांढरा दाणा. ज्यांचं बोलणं तुटलं असेल त्यांच्यामध्ये झाडूची काडी आडवी. आज्या-पणज्यांपर्यंत मागे जायचं. त्यांच्या पत्नी सरोजबाई आतून ओरडायच्या, "झाली का बाई दुनियेची घरं मांडून? मला दळण टाकायचंय!" सरोजबाईंची जीभ माझ्यापेक्षा तिखट, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं.

एकदा मीही मांडलं. माझा धाकटा भाऊ, त्याची नोकरी, त्याची मुलं, त्याच्या बायकोचं दुखणं, सगळं मीच बघत होते. सुपात माझी तूर मी नकळत मधोमध ठेवली आणि भावाची ज्वारी तिला चिकटून. पाळकसाहेब सुपावर वाकले. मग म्हणाले, "श्वास तरी त्याचा त्यो घेतो का, का त्यो पण तुमीच घेता?" मला असा राग आला की दोन रविवार मी हार्मोनियमवर बसले नाही. तिसऱ्या रविवारी गेले. भावाच्या पोरीची फी मात्र त्यालाच भरायला सांगितली, आणि नवल म्हणजे त्यानं ती भरली.

त्यांची खरी परीक्षा झाली ती घंटेवरून. आमच्या चर्चची घंटा पिढ्यान्‌पिढ्या दादारावांच्या घराकडे. दादाराव म्हणजे बोरीचे मोठे शेतकरी, मंडळीतले वडीलधारे, आवाज चढवल्याशिवाय मीठही न मागणारे. त्यांचा चुलत पुतण्या विजय एका नाताळला लवकर आला आणि त्यानं घंटा वाजवून टाकली. झालं. दादाराव पाळकसाहेबांकडे गेले, तिथं 'विजयला घेऊन या' हे उत्तर मिळालं, आणि पुढच्या रविवारी ते भर उपासनेत उठून उभे राहिले. तुम्ही नामर्द आहात, तुम्हाला मंडळी सांभाळता येत नाही, तुमच्या आधीचे पाळक बघा कसे होते. काय काय बोलले! बायका रडायला लागल्या. मला वाटलं आता हा माणूस एक तर फुटेल, नाही तर पळेल.

पाळकसाहेब पेल्यातलं पाणी सावकाश प्यायले. पुलपिटाच्या मागून खाली आले. दादारावांच्या बाकाच्या टोकाला बसले आणि म्हणाले, "ऐकायलोय, दादाराव."

दादाराव आणखी बोलले. "ऐकायलोय." आणखी बोलले. त्यांचं बोलणं संपत आलं तेव्हा तेच गोंधळल्यासारखे दिसायला लागले, कारण समोरून ढकलायला काही नव्हतं. मी नंतर विचारलं, तुम्हाला राग नाही आला? म्हणाले, "आला की. लय आला. पण म्या बी पेटलो तर पाणी कोण आणणार? मंडळी म्हंजे घरच, बाई. लोक घरची जुनी भांडणं इथं आणून खेळतेत, नुसती माणसं बदलून. मी त्यांच्यासाठी कोण हाय, ते आधी बघावं लागतं."

सुपात दादारावांचं घर मांडलं गेलं तेव्हा विजयही बसला होता. कळलं ते असं, की दादारावांच्या वडिलांनी घंटेचा दोर आपल्या भावाच्या, म्हणजे विजयच्या आजोबांच्या हातातून सगळ्या लोकांदेखत हिसकावून घेतला होता. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. पुढच्या नाताळला काका-पुतण्यांनी दोर एकत्र ओढला. अशी बेताल घंटा परभणीत कधी वाजली नसेल. शेजारपाजारचे लोक आग लागली की काय म्हणून बाहेर आले.

हे सगळं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, काय शांत, सुखी माणूस असेल. मलाही तसंच वाटायचं. पण त्यांच्या घरात एक गोष्ट मला खटकायची. त्यांचा मुलगा सुनील पुण्यात नोकरीला. त्याचा फोन यायचा तो आईला. सरोजबाई फोन कानाला लावून उभ्या, पाळकसाहेब दोन हातांवर खुर्चीत. "बाबांना विचार, गोळी घेतली का." सरोजबाई विचारायच्या. "त्याला सांग, घेतली." सरोजबाई सांगायच्या. मग माझ्याकडे बघून म्हणायच्या, "बघा बाई, टेलिफोन एक्स्चेंज. तिसरा घुसू नये म्हणतेत, आन् घरात मला वायरीसारखं लावून ठेवलंय." पाळकसाहेब खुर्चीच्या दांडीवर टकटक करायचे. ज्या माणसाला परक्याच्या पणजीचं भांडण ओळखू येत होतं, त्याला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, म्हणून तर ते असे भुताटकीच्या जागी बसल्यासारखे बसायचे.

माझी शेवटची नेमणूक पोखर्णीच्या बाजूच्या शाळेत होती. एका दुपारी सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न पोखर्णीत होतं, बौद्ध पद्धतीचं. मी मांडवात शिरत होते आणि लाऊडस्पीकरवरून पाळकसाहेबांचा आवाज आला. मी जागच्या जागी थांबले. तीच खालची पट्टी, शब्दांच्या शेवटी तीच खरखर, पण म्हणत होता त्रिशरण आणि पंचशील. पुढे जाऊन बघितलं तर पांढऱ्या कपड्यांतले एक आडव्या बांध्याचे गृहस्थ लग्न लावत होते. चेहरा वेगळा, आवाज तो. गावचे बौद्धाचार्य, गौतमकाका, असं सहकाऱ्यानं सांगितलं. लग्न असो, मयत असो, गावात त्यांच्याशिवाय पान हलत नाही.

संध्याकाळी मी तडक पाळकघरी गेले. "पाळकसाहेब, आज तुमचा आवाज मी पोखर्णीत ऐकला," एवढंच म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. मग एवढ्या अधीरपणे विचारलं, की मला त्यांच्याकडे बघवेना. "कसा दिसतो? दात हायेत का? चालतो नीट?"

त्या दिवशी सूप त्यांनी स्वतः आणलं आणि पहिल्यांदा स्वतःचं घर मांडलं. दोन भाऊ. थोरले पाळकसाहेबांचे वडील, अप्पा, ख्रिस्ती झालेले. धाकट्या काकांनी पुढे धम्म स्वीकारला. पोखर्णीत एकाच घरात दोघांचे संसार, मध्ये एक दार. एका घरी येशू, एका घरी बुद्ध, आणि कितीतरी वर्षं एकाच चुलीवर भाकरी. कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते आजी गेली तेव्हा. तिला कुणाच्या रीतीनं निरोप द्यायचा? अप्पा थोरले होते, त्यांनी आपल्या रीतीनं केलं. काका मातीला आले नाहीत. मधलं दार विटांनी बुजवलं गेलं.

"लोक म्हणतेत धर्मापायी तुटलं," पाळकसाहेब म्हणाले. "न्हाई बाई. आईची माया कुणावर जास्त होती, ते त्या दोघांना तिच्या मयतीवर ठरवायचं होतं. धर्म बिचारा मधी सापडला."

मग त्यांनी दोन ज्वारीचे दाणे शेजारी शेजारी ठेवले आणि मध्ये काडी. एक दाणा ते स्वतः, दुसरा त्यांचा चुलतभाऊ गौतम. दोघं एका वयाचे, एका ताटात जेवणारे, एकमेकांची नक्कल करता करता एका आवाजाचे झालेले. दार बंद झाल्यावर दुपारी मोठी माणसं कलंडली की गौतम पलीकडून विटांवर दोनदा वाजवायचा. म्हणजे, हायस का? हा इकडून तीनदा वाजवायचा. हाय. एवढंच बोलणं. एके दिवशी अप्पांना ते कळलं.

"मारलं असतं तर बरं झालं असतं," पाळकसाहेब म्हणाले. "अप्पा माझ्याजवळ भिंतीला टेकून बसले. माझा हात हातात घेतला आन् धरून ठेवला. तिकडून गौतम वाजवायला लागला. मी हात सोडवायलो, ते सोडीनात. रोज दुपारी तसंच. त्यो वाजवायचा, थांबायचा, परत वाजवायचा. एक दिवस बंद झालं. त्याला अजून वाटतंय, मीच उत्तर द्यायचं सोडलं."

सरोजबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना हे माहीत होतं, तरी त्यांनी पदर तोंडाला लावला. आणि मला एकाएकी कळलं की पुलपिटावर, खुर्चीवर, जेवणाच्या ताटाच्या कडेवर हा माणूस जन्मभर काय वाजवत होता, आणि मान तिरपी करून कशाची वाट बघत होता. मला त्या काडीसारख्या माणसाची इतकी माया आली की मी उठून जायलाच लागले.

त्यांनी मला थांबवलं. चाचरत म्हणाले, "बाई, तुमी रोज त्या बाजूला जाता. गौतमला एवढं सांगता का, की तवा अप्पांनी..."

मी म्हटलं, "ज्याच्याबद्दल सांगायचंय ते कुठंय, पाळकसाहेब?"

ते मग खो खो हसले. हसता हसता डोळे पुसले. "बरुबर हाय," म्हणाले. "सुनीलचं बी बगा ना. आमच्या घरात दर पिढीला एक दार बुजतंय. मी तिकडं गेलो न्हाई तर हे इकडं थांबायचं न्हाई."

पाळकाला सुट्टी सोमवारी. त्या सोमवारपासून ते पोखर्णीला जायला लागले. तिथल्या नृसिंहाच्या दर्शनाला निघालेल्या लोकांच्या जीपमध्ये बसायचे; येताना कुणी ना कुणी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवायचं, तो ते सरोजबाईंना आणून द्यायचे. अप्पांच्या बाजूचं घर कधीच विकलं गेलं होतं. तिथं किराणा दुकान होतं आणि बुजवलेल्या दारासमोर फळीवर बिस्किटांचे पुडे मांडलेले. ते सरळ पुढच्या दारानं गौतमकाकांकडे गेले.

"कोण?"

"मी. मनोहर."

आत खुर्ची करकरली. मग आतून आवाज आला, "बस. पण बोलायचं न्हाई."

ते ओट्यावर बसले. सुनेनं पाणी दिलं, चहा दिला. गौतमकाका उंबऱ्याच्या आत खुर्चीवर पाठ करून बसले आणि त्यांनी पेपर उघडून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. सोयाबीनचे भाव, कुठल्या धरणात किती पाणी, कोण वारलं. सून म्हणाली, "मामा, कुणाला वाचून दाखवायलात?" तर म्हणाले, "कुणाला न्हाई. वाचायलोय."

दर सोमवारी असंच. सरोजबाई संध्याकाळी विचारायच्या, "बोलले का आज?" हे म्हणायचे, "वाचलं. आज अग्रलेख बी वाचला." मी एकदा न राहवून म्हटलं, अहो, दाराच्या चौकटीवर नुसती टकटक करा की, कळेल त्याला. ते म्हणाले, "बोलायचं न्हाई म्हणलाय. वाजवणं म्हंजे बोलणंच की, बाई. त्याच्या घरात त्याचा शब्द. लय दिवस त्यानं वाट बगितली, आता थोडी मी बगतो."

पण घरी एक झालं. एका संध्याकाळी सुनीलचा फोन आला, सरोजबाई नेहमीसारख्या मधे उभ्या राहिल्या, आणि पाळकसाहेबांनी उठून त्यांच्या हातातून फोन घेतला. "सुनील, मी बोलायलोय." तिकडून सुनीलनं घाबरून काहीतरी विचारलं. "काय न्हाई. तू बोल. ऐकायलोय." मी समोर होते. बापलेक काय बोलले? पुण्यातली गर्दी, परभणीतलं ऊन, गाडीचा विमा. सरोजबाई मात्र मोकळे हात घेऊन काय करावं ते न कळून भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत बसल्या.

त्यांना मी पोखर्णीत शेवटचं बघितलं तेही सोमवारीच. शाळा सुटल्यावर मी त्या गल्लीतून येत होते. ओट्यावर पाळकसाहेब, खांद्यावर पंचा, हातात रिकामी कपबशी. आत गौतमकाकांची पाठ. वाचन चालू होतं, बोरीच्या बाजाराची काहीतरी बातमी. मी गल्लीच्या तोंडाशी थांबले. डोळे मिटले तर वाटावं, एकच माणूस स्वतःला पेपर वाचून दाखवतोय. मी हाक मारली नाही. आजही कधी कधी वाटतं, त्या गल्लीत गेले तर ते तिथंच बसलेले असतील, आणि म्हणून मी तिकडून जात नाही.

त्याच आठवड्यात, सकाळी दाढीचं पाणी काढताना, ते गेले. त्या पहिल्या सोमवारनंतर गौतमकाका त्यांच्याशी एक शब्दही बोलले नव्हते.

सुनील पुण्याहून आला. आईच्या गळ्यात पडला, आणि मग पोखर्णीला कळवायचं कुणी असा विषय निघाला तेव्हा दादाराव म्हणाले, मी फोन लावतो. सुनील म्हणाला, "नको. मी जातो." त्याच पावली तो गाडी घेऊन गेला. मला त्याच्या पाठीत त्याचा बाप दिसला.

दफनभूमीत दुसऱ्या गावचे पाळक आले होते. शवपेटी खड्ड्याच्या काठावर दोन लाकडांवर ठेवलेली. माझी हार्मोनियम स्टुलावर. शास्त्रपाठ झाला, प्रार्थना झाली, आणि पाळकांनी गीतासाठी माझ्याकडे पाहिलं. माझा हात भात्यावर होता, पण उघडत नव्हता. टकटक कुठं झाली होती?

तेव्हा माणसं बाजूला झाली आणि पांढऱ्या कपड्यांतले गौतमकाका पुढे आले. कुणाकडे न बघता शवपेटीजवळ वाकले. मधल्या बोटानं झाकणावर दोनदा वाजवलं.

आणि मान तिरपी करून थांबले.

मंडळीला काहीच माहीत नव्हतं. तरी कुणी खोकलंसुद्धा नाही. मला माहीत होतं, आणि मला ते सहन होईना. ते थांबलेच होते. त्यांचा कान झाकणाच्या जवळ जवळ जात होता. त्यांनी पुन्हा दोनदा वाजवलं.

पलीकडच्या बाजूला सुनील उभा होता. त्याला भिंतीची गोष्ट कुणी सांगितली होती की नाही, मी आजवर विचारलेलं नाही. लहानपणापासून बापाची ती खोड बघत आला होता एवढं खरं. त्यानं हात पुढे केला आणि झाकणावर तीनदा टकटक केली.

गौतमकाकांनी डोळे मिटले. मग त्या झाकणालाच म्हणाले, "लय उशीर केलास रं, मन्या."

आवाज हुबेहूब पाळकसाहेबांचा होता. दादाराव दचकून एक पाऊल मागे सरले. सरोजबाई मोठ्यानं रडल्या, त्या दिवसात पहिल्यांदा. सुनीलनं अजून हात झाकणावरच ठेवला होता आणि तो माझ्याकडे बघत होता. मी भाता उघडला आणि गीत सुरू केलं.